हुजऱ्या कोणाला म्हणायचं?

परवा गुहागरकडच्या आमच्या गावात रस्त्याच्या भूमिपूजनाला पुढारी आले होते. शेजारचे आबा, वय पंच्याऐंशीच्या पुढे, नमस्काराला गेले आणि त्याआधी चपला काढून त्यांनी गडग्याला लावून ठेवल्या. मागून आमच्यातलाच एक पोरगा म्हणाला, "बघा, जुना हुजऱ्या!" चारजण हसले. माझ्या मस्तकात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही, म्हणून लिहितोय.

हुजऱ्या ही मुळात शिवी नव्हेच. अरबीतला 'हुजूर' म्हणजे समक्ष असणं. तो फारसीवाटे आपल्याकडे आला. हजर, हजेरी ही त्याचीच भावंडं. धन्यासमोर सेवेला हजर असतो तो हुजऱ्या, बस्स. पेशव्यांच्या खास हुकमातल्या फौजेला हुजुरात म्हणत. पुण्यातली मुलींची शाळा हुजूरपागा तर आजही तेच नाव लावते. धन्याच्या कानाशी लागून स्वतःचं साधणाऱ्यांनीच हा शब्द नासवला असं माझं मत आहे.

आता चपलांचं. आमची आजी सांगायची, खोताच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदाराच्या, घरावरून जाताना कुळाने पायातलं हातात घ्यायचं आणि छत्री मिटायची, मग वर आषाढ कोसळत का असेना. अर्धेलीने, म्हणजे निम्मं, पीक द्यायचं, शिवाय वेठ. तोंड उघडलं की जमीन गेली. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं नांगर धरला नाही. घरात दाणा नसताना! बाबासाहेबांनी १९३७ साली खोती रद्द करायचं बिल मांडलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातली कुळं थेट मुंबईच्या कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेली, तरी कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आबा तेव्हा दहाएक वर्षांचे. तोवर जे अंगात मुरायचं ते मुरलं होतं.

आणि हसणारा तो पोरगा? त्याच कार्यक्रमात पाऊण तास उन्हात उभा राहून त्याने साहेबांच्या डोक्यावर छत्री धरली होती. त्याची जमीन कोणी काढून घेणार नव्हतं. त्याला पुढच्या रस्त्याचा ठेका हवाय. पोटासाठी वाकलेल्या माणसाला हुजऱ्या म्हणायचं आणि ठेक्यासाठी वाकलेल्याला कार्यकर्ता, हे मला मान्य नाही.

संध्याकाळी आबांच्या पडवीत बसलो होतो. विचारलं, "आबा, चपला कशाला काढल्यात?"

बराच वेळ ते पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी नाय रे काढल्या. हात आपसूक जातो."