दोष पिळाचा नव्हे, मापाचा

शिशाच्या गोळ्या घरी ओतणाऱ्या नेमबाजाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: "जलद पिळाच्या रायफलमध्ये शिसं चालत नाही." (नळीच्या आत वळत गेलेल्या खाचा असतात, त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात. ते वळण म्हणजे पीळ, खाचांमधले उंचवटे म्हणजे आटे. कमी लांबीत पूर्ण फेरा झाला की पीळ जलद.) कारणंही तयार असतात. मऊ शिसं आट्यांवर सोलून निघतं, मागच्या आगीनं वितळतं, नळीत त्याचा लेप बसतो, आणि मिनिटाला १,४०,००० फेऱ्यांच्या वर गेली की गोळी भरकटतेच. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो, गॅरेजमध्ये गोळ्या ओततो आणि ६.५×५५ मिलिमीटर काडतुसाच्या जुन्या स्वीडिश माउझर रायफलमधून त्या झाडतो. हिचा पीळ २०० मिलिमीटरला एक फेरा, म्हणजे ७.८७ इंचांना एक. जलद म्हणतात तो हाच. (भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे. तेव्हा हा उद्योग तिकडे कुणी करून पाहू नये.)

आधी ते सोलून निघणं पाहू. 'पीळ' म्हटलं की डोळ्यांसमोर बोल्टाचे आटे येतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. गोळीचा परीघ ०.८३ इंच, एका फेऱ्याची लांबी ७.८७ इंच. या दोन बाजू घेऊन काटकोन त्रिकोण काढला तर खाचेचा तिरकेपणा निघतो सहा अंश. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सरकतो तेवढा. गोळी आट्यांवर आडवी आपटत नाही, जरा कललेल्या वाटेनं सरळ पुढे जाते.

शिवाय हा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वीच झालाय. १८५७ ची काडतुसं म्हटली की आपल्याला एनफिल्ड आठवते. तिचा पीळ ७८ इंचांना एक, अगदी संथ. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थची रायफल चाचणीला उतरली: कॅलिबर ०.४५१ इंच, पीळ २० इंचांना एक, गोळी शिशाची. लांब पल्ल्यावर तिनं एनफिल्डला सपशेल मागे टाकलं. तिची नळी षटकोनी होती, त्यात सोलायला आटेच नव्हते, असं कुणी म्हणेल. मान्य. मग १८७१ ची ब्रिटिश लष्कराची मार्टिनी-हेन्री रायफल घ्या. तिच्या नळीत खाचा होत्या, पीळ २२ इंचांना एक होता, आणि गोळी होती बारा भाग शिसं, एक भाग कथील, वर कागदाचं वेष्टन. तिच्या खाचेचा तिरकेपणा काढला तर पावणेचार अंशांच्या आसपास येतो. माझ्या माउझरचा सहा. फरक आहे, पण "चालतच नाही" म्हणण्याइतका नाही.

आमच्याच बाजूचे काही जण ऑलिंपिकचा दाखला देतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ते शिशाच्याच गोळीनं. खरंय. पण तो दाखला इथे लागू पडत नाही. ०.२२ च्या त्या नळ्यांचा पीळ साधारण १६ इंचांना एक असतो आणि गोळीचा वेग ध्वनीपेक्षा कमी. वडाची साल पिंपळाला लावून वाद जिंकता येत नाही.

आता मऊपणा. शुद्ध शिसं मऊच असतं, कठीणपणाच्या ब्रिनेल मापावर ५ च्या आसपास. पण रायफलसाठी शुद्ध शिसं ओततो कोण? माझ्या भांड्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांतलं लायनोटाइप असतं: ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. कठीणपणा २२ च्या घरात. आपल्या छापखान्यांतले खिळे याच जातीच्या धातूचे. ज्या धातूनं हजारो प्रतींचा दाब सोसला, त्याला मऊ म्हणून हिणवायचं कशाला?

गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या ढिगात झाडलेल्या गोळ्या मार्चमध्ये बर्फ उतरल्यावर वेचल्या. भिंगाखाली धरल्या तर नाकाजवळ आट्यांचे ठसे किंचित रुंद, बुडाजवळ नेमके आणि कोरीव. म्हणजे सुरुवातीला गोळी केसभर घसरली आणि मग आट्यांनी तिला धरलं. सोललेली असती तर बुडाजवळही गुळगुळीत निघाली असती.

वितळण्याचा मुद्दा फार ताणत नाही. नळीतून बाहेर पडायला गोळीला सेकंदाचे जेमतेम काही हजारांश लागतात. ज्योतीतून बोट झर्रकन फिरवलं तर भाजत नाही, तसंच. कागदात गुंडाळलेली गोळी झाडा, नळीच्या तोंडापुढे कागदाच्या चिंध्या पडलेल्या दिसतील, बहुतेक न जळलेल्या. कागद वाचतो तिथे शिसं वितळेल?

मग नळीत शिसं बसतं ते का? बसतं, यात शंकाच नाही. पहिल्याच वर्षी मी विकतच्या तयार गोळ्या आणल्या, पुस्तकात लिहिलेल्या मापाच्या, ०.२६४ इंचाच्या. दहा बार काढले. सातवी गोळी कागदावर आडवी लागली, भोक कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं. पुढच्या तीन संध्याकाळी पितळी ब्रश घेऊन बसलो. चिंधीवर मिठाईच्या वर्खासारखे राखाडी पापुद्रे येत होते. मीही तेव्हा पिळालाच शिव्या घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

नंतर मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकत बाहेर काढला आणि मायक्रोमीटर लावला: ०.२६७. गोळी नळीपेक्षा तीन थाऊ लहान. (पुण्या-पिंपरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना थाऊ सांगायला नको, बाकीच्यांसाठी, इंचाचा हजारावा भाग.) त्या फटीतून तापलेला वायू गोळीच्या कडेनं पुढे घुसतो, शिसं खरवडतो आणि नळीला थापतो. मग मी ०.२६९ ची गोळी केली, बुडाला तांब्याची टोपी बसवली, ज्याला गॅस चेक म्हणतात. नळी तीच, पीळ तोच. लेप गेला.

शेवटचा मुद्दा फेऱ्यांचा. त्यात तथ्य आहे, फक्त ते चुकीच्या जागी टांगलंय. ओतलेल्या गोळीत कुठेतरी हवेचा बुडबुडा राहतो आणि तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून सरकतो. समजा एक थाऊ सरकला. नळीत तो मध्य अक्षाभोवती फिरत असतो. तोंडातून सुटताच त्या क्षणीच्या दिशेनं तिरका निघतो. किती? २π गुणिले एक थाऊ, भागिले पिळाची लांबी. आठ इंचांच्या पिळात १०० यार्डांवर २.८ इंच, सोळा इंचांच्या पिळात १.४ इंच. म्हणजे जलद पीळ गोळीतली खोट दुप्पट करून दाखवतो, हे कबूल. पण या सूत्रात वेग कुठेच नाही! वेग वाढवला की फेऱ्या वाढतात, पण गोळी तितक्याच लवकर लक्ष्यावर पोचते, आणि हिशेब बरोबरीत सुटतो. मग १,४०,००० ही लक्ष्मणरेषा आली कुठून? वेगासोबत दाब वाढतो, दाबानं गोळी नळीतच वाकडी होते, बूड खचतं, आणि गुरुत्वमध्य आणखी सरकतो. फेऱ्या त्याच वेळी वाढतात म्हणून खापर त्यांच्यावर फुटतं.

म्हणून तांब्याचं कवच असलेल्या गोळीच्या वेगाला, सेकंदाला अडीच हजार फुटांना, मी शिसं वापरत नाही. तिथे माझ्या गोळ्या लक्ष्यभर विखुरतात. १,६०० फुटांना मात्र हीच माउझर मिनिटाला १,४६,००० फेरे देते. ओतल्यावर प्रत्येक गोळी वजन करून घेतो, हलकी भरली की परत भांड्यात. उरलेल्यांतल्या पाच १०० यार्डांवर दोन इंचांत बसतात.