शिवमडका ते स्पेन, मार्गे दिंडोरी

नागपूरच्या माणसाने संत्र्याखेरीज दुसऱ्या फळाची स्तुती करणे हा आजवर फितुरीचाच प्रकार मानला जात असे. अलीकडे मात्र धरमपेठेत ज्याला काही किंमत आहे अशा प्रत्येकाला निदान एका वायनरीला जाऊन आल्याचे सांगता यावे लागते; आणि तीही बसगाड्या भरभरून लोक येतात अशी मोठी वायनरी चालत नाही, तर नाशिकजवळच्या दिंडोरीच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून आत गेल्यावर सापडणारी, केवळ स्पॅनिश द्राक्षजातींचा ध्यास घेतलेली एखादी लहान वायनरी लागते. आपणही तिकडे निघाला असाल, तर पुढील सूचना ध्यानात ठेवाव्यात. मी स्वतः त्या तंतोतंत पाळून आलो आहे आणि तेव्हापासून मला वाइनमधले कळते असा आमच्या सोसायटीत समज आहे, जो दूर करण्याची घाई मी अद्याप केलेली नाही.

जाण्यासाठी मे महिना उत्तम. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात उरकते आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यामुळे मे महिन्यात ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, नव्या फुटीखेरीज काहीही पाहण्यासारखे नसते, आणि पाहण्यासारखे काही नसले की माणसाला बोलायला मोकळीक मिळते. पोहोचल्याबरोबर ‘द्राक्षे कुठे आहेत?’ असे किंचित फसवले गेल्याच्या स्वरात विचारावे. स्पेनमध्ये हीच द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात, इथे मात्र वेल वर्षातून दोनदा छाटून पीक एकदाच घ्यावे लागते, असे यजमान सांगू लागतील. हे ऐकताना मोबाइलवर रेंज शोधत राहावे.

समृद्धी महामार्गावर नागपूरजवळच्या शिवमडक्याला चढले की शिर्डीपर्यंतचेच ५२० किलोमीटर होतात आणि सिन्नर त्याच्याही पुढे आहे. निघण्याच्या आदल्या रात्री सावजी रस्सा पोटभर खावा, म्हणजे जिभेला पुढचे दोन दिवस कोणत्याही सूक्ष्म चवीचा उपद्रव होत नाही. वाटेसाठी पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा सोबत असू द्यावाच. वाइन चाखण्याच्या मेजावर एक भांडे ठेवलेले असते आणि जाणकार लोक घोट तोंडात घोळवून त्यात थुंकून टाकतात. नागपूरकराने आयुष्यभर जिन्याच्या कोपऱ्यांत केलेल्या साधनेला प्रतिष्ठा देणारी ही बहुधा पृथ्वीतलावरील एकमेव जागा असावी. मात्र प्रत्यक्ष तिथे गेल्यावर आपण वाइन थुंकत नाही, कारण तिचे पैसे दिलेले असतात.

आता नावांकडे वळू. स्पॅनिशमध्ये लागोपाठच्या दोन ‘एल’चा उच्चार ‘य’सारखा होतो, त्यामुळे बाटलीवर ‘टेम्प्रानिल्लो’ असे वाचता येत असले तरी म्हणायचे ‘टेम्प्रानियो’. हे ज्ञान मिळवायला दोन मिनिटे लागतात, पण ते वाटायला आयुष्य पुरत नाही. शिवाय या एका द्राक्षाला स्पेनमधल्या रिओहामध्ये टेम्प्रानियो, ला मांचामध्ये सेन्सिबेल, रिबेरा देल दुएरोमध्ये तिंतो फिनो, कातालोनियात ‘सशाचा डोळा’ अशा अर्थाचे उल दे येब्रे आणि पोर्तुगालात तिंता रोरिस म्हणतात. म्हणजे एकाच माणसाला घरी बंड्या, कचेरीत देशपांडेसाहेब आणि सासुरवाडीला जवाईबापू म्हणावे तसा हा प्रकार आहे. आपण ही नावे पाच वेगवेगळ्या संध्याकाळी पाच वेगवेगळी द्राक्षे म्हणून सांगावीत. कोणी मोजत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. टेम्प्रानियो हे नाव ‘तेम्प्रानो’ या शब्दावरून, म्हणजे ‘लवकर’ या साध्या अर्थावरून आले आहे, कारण हे द्राक्ष इतर स्पॅनिश काळ्या द्राक्षांच्या आधी पिकते; उलट ‘गार्नाचा’ हे दुसरे स्पॅनिश द्राक्ष उशिरा पिकते आणि ऊन व कोरडेपणा बऱ्यापैकी सोसते. भंडाऱ्याचा शेतकरी हलके धान आणि भारी धान म्हणतो, तोच हा भेद आहे. हे आपल्या लक्षात आले तरी तोंडातून निघता कामा नये. ज्या वस्तूचे नाव भंडाऱ्यात समजते, तिच्यासाठी कोणी एवढे पेट्रोल जाळत नाही.

यजमान बहुधा आपणांस मळ्यात नेण्याचा आग्रह धरतील. लहान वायनरीचा हा मोठा दोष आहे. मोठ्या ठिकाणी गणवेशातील मुलगी पाठ केलेले बोलते आणि आपणही पाठ केलेले विचारतो. इथे मालक स्वतःच चिखलाच्या चपलांनी पुढे चालतो आणि त्याला खरोखरच काही सांगायचे असते. खाण्याच्या द्राक्षाचा मणी जिब्रेलिक या संजीवकाने फुगवतात, वाइनसाठी मात्र तो लहानच हवा, कारण रंग सालीत असतो, असे तो सांगतो. वेलीवर घड जास्त झाले की काही घड हाताने काढून टाकावे लागतात. टेम्प्रानियोत आंबटपणा मुळातच बेताचा आणि उन्हाने तो आणखी उतरतो, म्हणून नाशिकची सुमारे ६०० मीटरची उंची आणि थंडीतल्या गार रात्री यांच्यावर सगळी भिस्त असते, आणि तोडणी उजाडण्यापूर्वी उरकावी लागते. मणी रंग धरू लागले की पाणी मोजून द्यायचे, वेलीला थोडा ताण बसू द्यायचा, हेही तो सांगतो, आणि सांगताना आपल्या चेहऱ्याकडे आशेने पाहतो.

हा क्षण फार धोक्याचा आहे. आपल्या सासऱ्यांची काटोलला संत्र्याची बाग आहे. मृग बहार धरायचा तर मे महिन्यात बागेचे पाणी कसे तोडतात, झाड किती सुकू द्यायचे आणि पान कुठवर वळले की थांबायचे, हे आपण लहान साळ्यासोबत बांधावर उभे राहून पाहिलेले आहे. अशा वेळी ‘आमच्याकडेही ताण देतात’ एवढे एक वाक्य जरी निसटले, तरी तो मालक आपला हात धरून ठिबकची नळी दाखवायला नेईल, दोन तास खुंट, माती आणि डोळे या विषयांवर बोलेल, आणि आपण वायनरी पाहायला आलेले रसिक न राहता दुसऱ्या शेतकऱ्याला भेटलेले शेतकऱ्याचे जावई होऊन बसू. म्हणून ताणाचा विषय निघताच घड्याळ पाहावे आणि चाखण्याचे केव्हा आहे ते विचारावे.

परतताना शेजारच्या शेतातला मांडव दिसेल. गालिसिया या स्पेनच्या पावसाळी कोपऱ्यात अल्बारिन्योच्या वेली ग्रॅनाइटच्या खांबांवर अशाच मांडवावर चढवतात, तेव्हा त्याच्याखाली उभे राहून एक छायाचित्र अवश्य काढावे. तो मांडव थॉमसनचा आहे, हे चित्रात दिसत नाही.

चाखताना पेल्याचा दांडा धरावा, पेला फिरवावा, डोळे मिटावेत आणि गंध सांगावा. जुन्या लाकडी पिंपांतल्या टेम्प्रानियोला चामड्याचा आणि तंबाखूचा गंध येतो असे म्हणण्याची रीत आहे. मी पहिल्याच पेल्याला तंबाखू ओळखली आणि सर्वांनी माना डोलावल्या. ती माझ्या शर्टाच्या खिशातून येत होती, ही बाब मी उघड केली नाही. अमेरिकन ओकमुळे नारळ आणि व्हॅनिला यांचा भास होतो, आणि रिओहात हेच ओक पूर्वापार वापरात असल्यामुळे ‘नारळ’ म्हणणेही सहसा फुकट जात नाही. त्यानंतर ‘ग्रान रेसेर्वा आहे का?’ असे विचारावे. रिओहाच्या नियमाप्रमाणे लाल क्रियान्साला दोन वर्षे मुरवावे लागते, रेसेर्वाला तीन आणि ग्रान रेसेर्वाला पाच, त्यांतली किमान दोन पिंपात. आता ज्याची पिंपे हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि ज्याच्या डोक्यावर बँकेचे हप्ते आहेत, त्याला पाच वर्षे बाटली विकू नको असे सुचवण्यात एक निराळाच आनंद आहे.

खरेदी करताना सीताबर्डीत करतो तशीच घासाघीस करावी आणि अखेर दोन बाटल्या घ्याव्यात. परतीच्या वाटेवर वर्धा नदी ओलांडली की दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा लागतो आणि समृद्धी त्याच्या पोटातूनच जाते. २०२२ मध्ये सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन हे शेतमालाचे उत्पादन आहे की दारू, यावर महाराष्ट्रभर घनघोर चर्चा झाली होती. त्या चर्चेत आपण दारू म्हणणाऱ्यांच्या बाजूने सोसायटीच्या बैठकीत भाषण केले असेल, तरी वर्धा जिल्ह्यातले येळाकेळी मागे पडेपर्यंत शेतकऱ्याची बाजू मनातल्या मनात घोकत राहावी. गाडीतील मंडळी एरवी कितीही बोलकी असली तरी या टप्प्यात आपोआप गप्प होतात.

घरी पोहोचल्यावर बाटल्या शोकेसमध्ये, पाहुण्याच्या नजरेसमोर ठेवाव्यात. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे जे म्हणतात, त्यातली खोली युरोपातल्या दगडी घराची आणि १६ ते १८ अंशांची असते. आपली खोली मे महिन्यात कूलर लावूनही त्याच्या जवळपास पोहोचत नाही, तेव्हा टेम्प्रानियो शोकेसमध्ये संथपणे शिजत राहते आणि रंगाने मात्र सुंदर दिसते.

मग एखाद्या रविवारी काटोलहून सासरे येतात. ते वाइनला हात लावत नाहीत, परंतु बाटली हातात घेऊन तळापासून बुचापर्यंत न्याहाळतात, छायाचित्रातला मांडव पाहून ‘हे तर खायाच्या अंगुराचं हाय’ म्हणतात, आणि मग चष्मा पुसत विचारतात, ‘तिकडं वेलाले ताण किती दिसाचा देतेत, जवाईबापू?’ अशा वेळी गांगरून जाऊ नये. बाटली त्यांच्या हातून अलगद परत घ्यावी, तिच्यावरील नाव त्यांना बोट ठेवून दाखवावे, आणि यातल्या दोन ‘एल’चा उच्चार ‘य’ होतो हे समजावून सांगावे.