"बरं झालं, बंद झालं" म्हणे!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप उडालीय म्हणून लिहितेय.

संध्याकाळी पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण. पुलावाच्या रांगेत विषय निघाला, की सरकारी विद्यापीठांतल्या विविधतेच्या (डायव्हर्सिटी) कार्यक्रमांवर बंदी घालणाऱ्या राज्याच्या नव्या कायद्यामुळे इथल्या, अमेरिकेतल्या ओहायो युनिव्हर्सिटीने आपलं विमेन्स सेंटर, म्हणजे विद्यार्थिनींसाठीचं मदत केंद्र, बंद केलं. माझ्या पुढचे एक दादा म्हणाले, "बरं झालं, बंद झालं. कॉलेजात आता मुलीच जास्त आहेत, त्यांना वेगळं सेंटर कशाला? सगळं राजकारण!" सगळे हसले. मीही हसले. खरा राग त्याचाच येतोय.

दादा, तुम्ही हे वाचालच. तर ऐका.

२००६ ची जानेवारी. मी मास्टर्स करत होते, मुलगा चार महिन्यांचा. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, बाळंतपणाला आलेली आई व्हिसा संपला म्हणून परत गेलेली. दोन लेक्चरच्या मधे दूध काढायचं तर टॉयलेटमध्ये. कमोडचं झाकण पाडून त्यावर बसायचं, मांडीवर पंप, आणि पंपाची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून मधूनमधून फ्लश ओढायचा. एक दिवस बाटली कलंडली. सगळं दूध फरशीवर. ज्यांनी पंप केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. हुंदके ऐकून बाहेर हात धुणाऱ्या मुलीने विचारलं, "तुला विमेन्स सेंटर माहीत नाही?"

तळघरातली एक खोली. जांभळा, मधे खचलेला सोफा, छोटा फ्रिज, आणि आतून कडी लागणारं दार. टेबलाशी बसलेल्या बाईंनी मला काही विचारलं नाही, चहाचं पाणी ठेवलं. नोकरदार आईला दूध काढायला वेळ आणि टॉयलेट सोडून दुसरी जागा द्या, असं सांगणारा केंद्रीय कायदा यायला २०१० उजाडलं. मला त्याआधी चार वर्षं ती कडी मिळाली होती.

हे तुम्ही म्हणता ते राजकारण!

मिनेसोटा विद्यापीठात १९६० साली असलं पहिलं केंद्र निघालं, ते लग्न-मुलांच्या रगाड्यात शिक्षण सुटलेल्या बायकांना परत आणायला. युटा विद्यापीठातलं १९७१ पासूनचं होतं, २०२४ मध्ये बंद. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात तर तिथल्या तसल्याच कायद्यात बसावं म्हणून आधी केंद्राचं नाव बदललं, आणि काही महिन्यांत तेही गुंडाळलं. म्हणजे पाटी बदलूनही सुटका नाही.

हो, काही सेंटरांत नुसते पोस्टर आणि कपकेक चालायचे. मुली संख्येने पुढे आहेत, तेही खरं. युटात कर्मचाऱ्यांना दुसरीकडे सामावून घेतलं, सेवा इतर खात्यांत वाटल्या, तेही मान्य. पण फरशीवरचं दूध टिश्यूने पुसणारी मुलगी कुठल्या खात्यात जाणार? तिला दारावर नाव लागतं हो.

आणि एक. दर ३१ मार्चला, जयंतीला, आनंदीबाई जोशींचा फोटो ग्रुपवर कोण टाकतं? तुम्हीच ना, "पहिली महिला डॉक्टर" म्हणून, वर हात जोडलेले तीन इमोजी. त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून. फक्त बायकांचं कॉलेज, १८५० सालचं, कारण पुरुषांच्या कॉलेजांची दारं बायकांना बंद होती. तेव्हा कोणी म्हणालं असतं वेगळं कशाला, तर तुमचा फोटो कुठून आला असता? अमेरिकेत ज्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, त्या न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंना आनंदीबाई मावशी म्हणायच्या. टेबलाशी बसणाऱ्या त्या बाईंना मी तसं कधी म्हटलं नाही, इंग्रजीत कसं म्हणणार? पण होत्या त्या तशाच. थंडीत माझे ओले बूट हीटरपाशी नेऊन ठेवायच्या, न विचारता.

जरा जास्तच चढला का आवाज? असू दे. दादा माणूस म्हणून चांगले आहेत, बर्फात आमची गाडी अडकली तेव्हा फावडं घेऊन तेच आले होते. म्हणून तर लागलं.

त्या सोफ्यावर काढलेलं दूध प्यायला तो मुलगाच होता, हेही लक्षात घ्या. आता वीस वर्षांचा आहे, सहा फूट. आत्ता फोन करून त्याला सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, प्लीज, हे फेसबुकवर टाकू नकोस."

टाकलं.