छाव्याला बाटलीनं दूध पाजून सिंह वाचत नाही

चाळिशीच्या आसपासच्या नोकरदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोनेक वर्षांपासून एक मजकूर फिरतोय. सोबत फोटो: खाकी टोपीतली बाई, मांडीवर सिंहाचा छावा, हातात दुधाची बाटली. मजकूर थोडक्यात असा: 'करिअर ब्रेक घेताय? तीन महिने दक्षिण आफ्रिकेत स्वयंसेवक व्हा. अनाथ छावे वाढवा, मोठे झाले की ते जंगलात जातात. अनुभव लागत नाही. तुमच्या पैशांवरच तिथले प्राणी तगून आहेत. जोडीला केनियाही करून या, फक्त पासपोर्ट हवा.' ब्रेकला माझा विरोध नाही, मलाही हवाय. पण हा मजकूर मला पटत नाही.

सुरुवात 'अनाथ' या शब्दापासून. जुन्नरकडच्या माणसाला हे समजावावं लागणार नाही. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली, की वनखातं त्यांना बाटली लावत बसत नाही. तपासून संध्याकाळी त्याच फडात क्रेटमध्ये ठेवतं, कॅमेरा लावतं, आणि अनेकदा रात्री आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. मग सिंहांच्या एकाच फार्मवर बाराही महिने नेमकी तीन-चार आठवड्यांचीच 'अनाथ' पिल्लं येतात कुठून? पैदाशीतून. जंगलातली सिंहीण पिल्लांना दोनेक वर्षं जवळ बाळगते, तोवर सहसा पुन्हा वीत नाही. फार्मवर पिल्लं काही दिवसांत काढून घेतली की ती लवकर माजावर येते, आणि गर्भकाळ तर जेमतेम ११० दिवसांचा.

'मोठे झाले की जंगलात जातात.' नाही जात. माणसाची भीती गेलेला, कळपात न वाढलेला सिंह सोडायचा कुठे? मांडीवर मावेनासा झाला की त्याच्यासोबत पर्यटकांना फिरवतात. त्यानंतर अनेकांच्या वाट्याला पैसे भरून केलेली कुंपणातली शिकार येते आणि हाडं आशियात जातात. हे चोरून चालत नव्हतं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं २०१७ साली सिंहांच्या ८०० सांगाड्यांच्या निर्यातीचा कोटा दिला, २०१८ साली १,५०० चा. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयानं हे दोन्ही कोटे बेकायदा ठरवले, कारण प्राण्यांच्या हालांचा विचारच झाला नव्हता. त्या देशात पिंजऱ्यातले सिंह आठ ते बारा हजार असल्याचा अंदाज आहे. मोकळे त्याच्या निम्मेही नाहीत. मे २०२१ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी ही पैदास बंद करण्याचं धोरण जाहीर केलं, पण पिंजरे काही रिकामे झाले नाहीत. आणि आफ्रिकेतल्या सिंहाला पिल्लांची टंचाई नाहीच. टंचाई आहे ती मोकळ्या रानाची आणि भक्ष्याची, शिवाय चोरट्या शिकाऱ्यांचे तारेचे फासे आहेत.

'अनुभव लागत नाही' याचीच मला जास्त धास्ती वाटते. नैरोबीत शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथालयात हत्तीच्या पिल्लांशेजारी रात्री झोपतात ते पगारी स्थानिक राखणदार. पाहुण्यांना दिवसा तासभर, तेही दोरीच्या अलीकडून. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानालगतच्या बालुले अभयारण्यात २०१३ पासून फासे शोधत फिरणाऱ्या ब्लॅक माम्बा पथकात बहुतेक आसपासच्या गावांतल्या बायका आहेत, हाती बंदूक नाही. त्यांच्या जागी तीन महिन्यांसाठी पुण्याहून आपण जाऊन काय दिवे लावणार?

पैशांचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे. काही चांगल्या संस्था स्वयंसेवकांच्या शुल्कावर खर्च भागवतात, आणि बाहेरच्या हातांची खरोखर गरज पडतेही. जून २००० मध्ये केपटाउनजवळ 'ट्रेझर' हे जहाज बुडालं, तेव्हा तेलानं माखलेले सुमारे १९ हजार पेंग्विन हजारो स्वयंसेवकांनी हातानं धुतले, मासे भरवले. भरवताना चावे बसतात, हातांना दिवसभर माशांचा वास. त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त जगून समुद्रात परतले. न माखलेल्या तितक्याच पेंग्विनांना ट्रकनं पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडलं, म्हणजे ते पोहत घरी येईस्तोवर तेल निवळेल. पीटर, पामेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर ट्रान्समीटर होते. लोक त्यांचा प्रवास रोज बघत होते. तिथली समुद्री पक्षी वाचवणारी सॅनकॉब संस्था आजही स्वयंसेवक घेते, पण निदान काही आठवडे द्यावे लागतात आणि पक्षी कुरवाळायला मिळत नाहीत. घरबसल्याही करता येतं: टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यात २२५ कॅमेऱ्यांनी टिपलेल्या फोटोंच्या बारा लाख संचांतले प्राणी हजारो हौशी लोकांनी संगणकावर बसून ओळखून दिले. मांडीवरच्या छाव्याइतके लाइक त्याला मिळणार नाहीत, हे खरंच.

केनियाला फक्त पासपोर्ट हवा, हे तर सपशेल चूक. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस निदान दहा दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जाल.

तरीही एखाद्या फार्मची जाहिरात आवडलीच, तर त्यांना दोनच गोष्टी विचारा: या छाव्यांच्या आया कुठे आहेत, आणि दोन वर्षांपूर्वीचे छावे आज कुठे आहेत? व्हॉट्सॲपवरच्या त्या फोटोतला छावा नर असेल, तर त्याला आता आयाळ फुटू लागली असेल. तो कुठे आहे, हे त्या मजकुरात नाही.