‘सेकंड ओपिनियनची फी फुकट गेली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. गडहिंग्लजहून आईंना सांधेदुखीच्या सेकंड ओपिनियनसाठी, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांच्या मतासाठी, घेऊन आलात, पावणेदोन तास बसलात, रक्त पुन्हा द्यावं लागलं, पूर्ण फी भरली आणि शेवटी ‘गोळ्या त्याच चालू ठेवा’ एवढंच ऐकून परत गेलात, ही तुमची तक्रार. आईंची फाईल आम्ही इथे उघडणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय, तेवढ्यालाच धरून उत्तर देतोय.

आधी आमच्या चुका. सेकंड ओपिनियनला जुनी फाईल वाचायलाच वेळ लागतो, तरी तुम्हाला नेहमीच्या तपासणीच्या रांगेत नंबर दिला गेला. काय काय आणायचं हे फोनवर सांगितलं नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मत तोंडी दिलं, कारणांसकट कागदावर लिहून दिलं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता रक्ताचं. एका लॅबमध्ये एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह, दुसरीकडे निगेटिव्ह, मग तिसऱ्यांदा कशाला, असं तुम्ही विचारलंय. ही तपासणी दोन पद्धतींनी होते. एलायझामध्ये मशिनवर एक आकडा येतो. आयएफएमध्ये पेशींच्या स्लाईडवर सीरम (रक्तातला पातळ भाग) घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्यातून टायटर (सीरम किती पट पातळ केलं तरी एएनए दिसतो) आणि पॅटर्न (पेशीत तो कसा दिसतो) कळतो. एक रिपोर्ट या पद्धतीचा आणि दुसरा त्या पद्धतीचा असला, तर त्यांची तुलना करून उपयोग नाही. शिवाय १:८० टायटरचा एएनए धडधाकट माणसांतही शंभरात दहा-बारा जणांना सापडतो. आमवातासाठी करतात त्या आरए फॅक्टर या रक्ततपासणीचंही तसंच आहे. उतारवयात, टीबीत, हिपॅटायटिस सी मध्ये तो वाढलेला दिसू शकतो. म्हणून अँटी-सीसीपी ही आमवाताची जास्त नेमकी रक्ततपासणी बघावी लागते, आणि म्हणूनच आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं) निदान एका कागदावर करत नाहीत. कुठले सांधे, किती, किती आठवडे, ईएसआर-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) किती, हे सगळं एकत्र धरतात. चिकुनगुनियाचा ताप जाऊन महिने उलटले तरी बोटांचे सांधे सुजलेले राहतात आणि चित्र हुबेहूब आमवाताचं दिसतं. वर्षभरातल्या तापाबद्दल आम्ही खोदून विचारतो ते यासाठी.

‘पाच आठवडे झाले तरी फरक नाही, तरी औषध बदललं नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, डोसही टप्प्याटप्प्याने वाढवतात. वेगळी चिठ्ठी दिली असती तर कदाचित तुम्हाला फी वसूल झाल्यासारखी वाटली असती, पण पहिलं औषध लागू पडत होतं की नाही हे मग कधीच कळलं नसतं. सीबीसी (रक्तपेशी), लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनी) या तपासण्यांचं मात्र हे औषध चालू असेपर्यंत ठरलेल्या अंतराने करावंच लागतं, डॉक्टर कोणीही असोत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही एक काळजीची गोष्ट. ‘नव्या डॉक्टरांना खरा आजार दिसावा’ म्हणून बरेच जण येण्याआधी स्टिरॉईड स्वतःच्या मनाने बंद करतात. तीन आठवड्यांहून जास्त चालू असलेलं स्टिरॉईड एकदम थांबवलं तर उलट्या, गळून जाणं, बीपी खाली येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. स्टिरॉईडने सूज झाकली जाते हे खरं, पण त्यावर सोपा उपाय आहे: सुरू करण्याआधीचे रिपोर्ट आणा, डोस कधी किती होता ते तारखेनिशी लिहा, आणि सूज असेल तेव्हा सकाळी उजेडात दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा. उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागतात हेही लिहा. आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

एक्स-रेचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी हवी. जुन्या हॉस्पिटलकडून कागद मागायला संकोचू नका. पेशंटने मागणी केल्यावर ७२ तासांत ते द्यावेत, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच आहे.

मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर आमच्या नंबरची वाट बघू नका. पुढचा डोस न घेता त्याच दिवशी जवळच्या हॉस्पिटलमध्ये दाखवा.

तुमच्यासाठी आता एवढं करतो. लेखी मत तयार करून ठेवतो, आधीच्या डॉक्टरांनाही ते दाखवता येईल. पुढच्या भेटीची फी नाही आणि सकाळचा पहिला नंबर तुमचा. कागदांचे फोटो आदल्या दिवशी क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे आम्ही आधीच वाचून ठेवू. येताना गोळ्यांची पाकिटं रिकाम्यांसकट आणा. मेथोट्रेक्सेट अडीच, पाच, साडेसात, दहा, पंधरा मिलिग्रॅममध्ये मिळतं आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, त्यामुळे ‘तीन गोळ्या’ एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही.