निळ्या धुराबद्दल: चूक आमची आहे, पण तो पाइप बदलावाच लागला असता

नमस्कार दादा,

तुमची तक्रार वाचली आणि ज्या मुलाने काम केलं त्याला समोर बसवून पुन्हा वाचली. सर्व्हिसिंग होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच ट्रॅक्टर निळा धूर टाकायला लागला. एअर क्लीनरच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या डब्याच्या, वाटीतलं धूळ अडकवणारं तेल आपोआप कमी झालं. न विचारता रबरी पाइप बदलून बिलात लावला. आणि फोन केलात तेव्हा आमच्याकडून उत्तर मिळालं, "इंजिन जुनं आहे, धूर यायचाच."

बाकी बोलण्याआधी एक विनंती. ट्रॅक्टर अजून चालवत असाल तर कृपा करून बंद ठेवा. क्लिपा काढून एअर क्लीनरची वाटी खाली घ्या आणि आतलं तेल ओतून टाका. डिझेल इंजिनाचा वेग डिझेल पंपाच्या हातात असतो, पण हवेच्या वाटेने आत गेलेलं तेल पंपाला विचारून जळत नाही. ते जास्त प्रमाणात ओढलं गेलं तर इंजिन स्वतःहून रेस घेतं आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. तशी वेळ आलीच तर हवेचं तोंड लाकडी फळीने दाबून बंद करायचं. हात लावायचा नाही, फडकंही नाही, ते आत ओढलं जातं.

आता चूक कुठे झाली ते. तुम्ही टाकलेल्या फोटोत वाटीच्या आतल्या भिंतीवर तेलाचा ओघळ पातळीच्या खुणेच्या बोटभर वर दिसतो. आमच्या मुलाचं म्हणणं, त्याने तेल खुणेपर्यंतच भरलं होतं. मला ते खरं वाटतं, कारण पुढे विचारल्यावर उलगडा झाला. त्याने वाटीच्या वरची, धूळ अडकवणारी जाळी डिझेलने धुतली आणि ती निथळायच्या आतच बसवून टाकली. जाळीत अडकलेलं डिझेल नंतर थेंब थेंब वाटीत उतरलं. पातळी खुणेच्या वर गेली आणि तेल पातळही झालं. पातळ तेल हवेबरोबर सहज वर चढतं, तेच तुमच्या इंजिनाने ओढलं. धुतलेली जाळी पूर्ण निथळू द्यायची असते, घाई असली तरी. हे आमच्याकडून झालं नाही. चूक सर्वस्वी आमची.

त्याहून जास्त मला फोनवरच्या उत्तराचं वाईट वाटलं. कालपर्यंत साफ चालणारं इंजिन सर्व्हिसिंगनंतर धूर टाकत असेल तर आधी आपलंच काम तपासायला हवं होतं. मी मनापासून माफी मागतो.

पाइपाबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. विचारायला हवं होतं, तेवढं चुकलं. पण तो पाइप एअर क्लीनर आणि इंजिनाच्या मध्ये बसतो. क्लीनरच्या आधी कुठे फट असेल तर धूळ निदान तेलात तरी अडकते. नंतर फट असेल तर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. तुमचा जुना पाइप क्लॅम्पखाली, म्हणजे तो आवळून धरणाऱ्या पट्टीखाली, अर्ध्या गोलाईपर्यंत चिरला होता, वरून अजिबात दिसत नव्हता. आत बोट फिरवलं तर पिठासारखी बारीक धूळ हाताला लागते. गाळलेली हवा जिथून जाते तिथे धुळीचा कणही दिसता कामा नये. एक लिटर डिझेल जाळायला इंजिनाला किमान 10,000 लिटर हवा लागते. रोटाव्हेटर किंवा मळणीच्या धुरळ्यात दिवसभर चाललेल्या ट्रॅक्टरने त्या चिरेतून काय काय ओढलं असेल याचा विचार करा. मातीतली वाळूची कणी लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगांपेक्षा कठीण असते. ती तेलात मिसळून घासायच्या लेपासारखी काम करते, आणि वेळेआधी इंजिन उतरवायची पाळी येते.

तुम्ही लिहिलंय की पूर्वी इंजिनातून काढलेलं काळं तेल वाटीत टाकायचात आणि त्रास नव्हता. दादा, हे पुन्हा करू नका. त्या तेलात आधीच काजळी असते, कधी डिझेलही उतरलेलं असतं. क्लीनरमध्ये हवा नळीतून खाली येते, तेलावर आपटून उलटी वर वळते आणि त्या वळणावर जड धूळ तेलात पडते. उडालेले तेलाचे शिंतोडे वरच्या जाळीला ओलं ठेवतात आणि बारीक धूळ तिथे चिकटते. त्यासाठी ताजं तेल हवं, तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच. आणि पातळी बघायची ती इंजिन बंद करून बराच वेळ झाल्यावर, शक्यतो सकाळी सुरू करण्याआधी. बंद केल्या केल्या बघितलं तर निम्मं तेल जाळीत लटकलेलं असतं, वाटी कमी दिसते, माणूस वरून ओततो आणि पुन्हा हाच प्रकार होतो. धुळीच्या कामात रोज बघा. तळाशी पाव ते अर्धा इंच गाळ दिसला किंवा तेल घट्ट झालं की बदलायचं, तास मोजत बसायचं नाही. वरच्या टोपीतला भुसा-कचराही त्याच वेळी झटकून टाका.

तुम्ही सांगाल त्या दिवशी मी स्वतः येतो. वाटी, जाळी, नवा पाइप आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) उघडून साफ करतो, त्याचे पैसे नाहीत. मॅनिफोल्डमध्ये राहिलेलं तेल जळेपर्यंत थोडा वेळ धूर येईल, तो जायला हवा. नाही गेला तर ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तुमच्यासमोर तपासतो. रिंगा झिजलेल्या निघाल्या तर तसं स्पष्ट सांगेन, कारण त्या चिरलेल्या पाइपाने किती काळ धूळ आत सोडली हे बघितल्याशिवाय कळणार नाही.

इथून पुढे आमच्याकडे कोणताही भाग बदलण्याआधी मालकाला दाखवला जाईल आणि काढलेला भाग त्याच्या हातात दिला जाईल. तुमचा जुना पाइप मी बाजूला ठेवलाय, येताना घेऊन येतो. क्लॅम्पची जागा वाकवून तुम्हीच बघा.