अठरा हजार किलोमीटर खरे, पण पन्नास टन घेऊन नाही

आमच्या वरुडकडच्या संत्रा बागायतदारांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: "एअरबसचं ए३५०-९०० यूएलआर (खास लांब पल्ल्याचं प्रवासी विमान) १८,००० किलोमीटर उडतं, पन्नास टन माल नेतं. नागपूर ते न्यूयॉर्क साडेबारा हजारच. मग आपला संत्रा थेट काहून जात नाही? कोणीतरी अडवते!" ज्यानं त्यानं तो पुढं ढकलला. हिशेब कोणी केला नाही.

१८,००० चा आकडा बरोबर आहे. खोट आहे त्याला पन्नास टन जोडण्यात. उडताना या विमानाचं एकूण वजन २८० टनांच्या वर जाऊन चालत नाही. विमान स्वतः, माणसं, माल, इंधन, सगळं त्यातच. टाक्यांत १,६५,००० लिटर मावतं; लिटरला ८०० ग्रॅम धरले तरी १३२ टन झाले. उरले १४८, आणि त्यातला बहुतेक वाटा रिकामं विमानच खातं. म्हणूनच २०१८ पासून हे विमान सिंगापूर–न्यूयॉर्क चालवणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सनं त्यात १६१च सीट ठेवल्या, इकॉनॉमी ठेवलीच नाही. आणि गंमत म्हणजे, ज्याच्या भरवशावर आपण क्रेट मोजायला बसलो, त्याचा सामानाचा पुढचा कप्पा वापरातच नाही.

कोणी म्हणेल, साडेबारा हजारासाठी टाक्या काठोकाठ कशाला? मान्य. इंधन कमी तितका माल जास्त. पण हे सरळ त्रैराशिक नाही. लांबच्या पल्ल्यात इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, राखीव साठा वेगळा, आणि पश्चिमेकडे जाताना वारा बहुधा तोंडावर.

त्यावर एकानं बोइंग ७७७-२००एलआरचा दाखला टाकला: २००५ मध्ये २१,६०२ किलोमीटर, न थांबता. उडालं, खरंच. पण हाँगकाँगहून लंडनला उलट्या बाजूनं, पूर्वेकडे, पाठीवर वारा घेऊन, आणि आत जेमतेम ३५ माणसं. रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर नागपूरला पोचला, म्हणून भरलेलीही तितक्याच डिझेलात पोचेल का?

"सर्वांत मोठं विमान सर्वांत लांब जातं" हेही ग्रुपवर आलं होतं. सर्वांत मोठं प्रवासी विमान एअरबसचंच ए३८०; त्याचं कमाल वजन ५७५ टन, पल्ला सुमारे १५,००० किलोमीटर. विषय संपला.

मालच न्यायचा तर मालवाहू ७७७ बघा. १०० टनांच्या वर उचलतं, पण तितकं भरल्यावर पल्ला ९,२०० किलोमीटरच्या आसपास. न्यूयॉर्कला जाताना कुठंतरी उतरून इंधन घ्यावंच लागेल.

राहिलं "कोणीतरी अडवते". मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर गेला की हवा विरळ होते, ३,२०० मीटरच्या धावपट्टीवरून वजन कमी करूनच उडावं लागू शकतं. पण आपला आंबिया बहाराचा संत्रा निघतो हिवाळ्याच्या तोंडावर, त्यामुळं हा मुद्दा मी ताणत नाही.

ग्रुपवर कोणाजवळ संत्र्याचं किलोमागचं विमानभाडं असेल तर टाका भाऊ. त्यावर बोलू.